टोपणाचं नाक

गॅरेजमध्ये माझं काम एकच होतं, पेट्रोलच्या टाकीच्या टोपणाला भोक पाडायचं. इंजिन, ब्रेक, क्लच सगळं हे बघायचे. त्यातलं मला काही कळत नव्हतं आणि मी विचारतही नसे. पण टोपण आलं की मागच्या दाराशी हाक यायची, "अगो, नाक टोच गो ह्याचं."

मी हातातलं टाकून जायची. पुढे गिऱ्हाईक बसलेलं असायचं, म्हणून दाराआडूनच हात पुढे करून टोपण घ्यायची. मग ओट्यावर फडकं पसरायचं, त्यावर टोपण धरायचं आणि बारीक गिरमिट हळूहळू फिरवायचं. भोक सुई जाईल एवढंच पाहिजे. मोठं झालं तर पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं, फार लहान राहिलं तर धुळीनं बुजतं. ह्यांचा हात जड. सुरुवातीला त्यांनी दोन टोपणं चिरली, तेव्हापासून काम माझ्याकडे आलं. माहेरी मी जाळी विणायची, त्यामुळे बोटांना बारीक कामाची सवय होती.

माझी सासू शेजारी सुक्या मासळीची डोकी मोडत बसलेली असायची. ती म्हणायची, "पोरींची नाकं टोचाया सोनार लागतो. सायबांच्या गाड्यांची माझी सून टोचते. नथ पन घाल एकादी."

मी हसायची. त्या घरात मला येतं असं हे एकच काम होतं, ज्याच्यासाठी मला कुणी हाक मारायचं. स्वयंपाक, धुणं, मासळी वाळवणं सगळ्याच बाया करतात. भोक पाडणारी मी एकटी.

नाक का टोचायचं ते सांगते. हे मूळचे किनाऱ्यावरच्या घिवली गावचे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं हे वडलांच्या होडीवर इंजिन सांभाळायचे. एकदा टाकीचं जुनं टोपण समुद्रात पडलं म्हणून सासऱ्यांनी बोईसरहून नवं आणलं. छान घट्ट बसणारं. त्या दिवशी होडी किनाऱ्यापासून लांब गेली आणि इंजिन बंद पडलं. थोड्या वेळानं चालू झालं, पुन्हा बंद. असं अर्धा दिवस चाललं. जाळं तोडून द्यावं लागलं. शेवटी तेल संपलं की काय म्हणून ह्यांनी टोपण फिरवलं, तर टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढली, जसा बुडणारा माणूस वर आल्यावर ओढतो. आत हवा जायला वाट नव्हती, म्हणून तेल इंजिनाकडे उतरत नव्हतं. त्यानंतर इंजिन एकदाही बंद पडलं नाही. सासऱ्यांनी तिथंच खिळ्यानं टोपणाला भोक पाडलं.

ही गोष्ट ह्यांनी मला किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी शेवट एकच. "टाकीला नाक पायजे. नाक नसंल तर ती मरते, नायतर आपल्याला मारते."

पुढे होडी दिरांकडे गेली आणि ह्यांनी पाम गावाजवळ रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. मागं आमची खोली, पुढं गॅरेज. आमची हवा खारी. जुन्या गाड्यांच्या टोपणात हवेसाठी जी बारीक वाट असते ती वर्षभरात गंजून बुजायची. गाडी रस्त्यात बंद पडायची आणि कुणाला कारण सापडायचं नाही. आणि हे यायचे, काही न उघडता सरळ मागं जायचे, टोपण फिरवायचे आणि म्हणायचे, "ऐका." सूंऽऽ आवाज यायचा. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले शिकलेले साहेब लोक तोंडाकडे बघत राहायचे. त्या एका आवाजावर आमचं गॅरेज उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल. कॉलनीतून एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. भोक मात्र मी पाडलेलं असायचं. ते कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत व्हावं असंही मला वाटत नव्हतं.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी रस्त्यावर नव्या गाड्या दिसायला लागल्या. हलक्या, गुळगुळीत, आवाज न करणाऱ्या. त्यांची टोपणं प्लास्टिकची, काळी, फिरवली की कटकट वाजणारी. हवेची वाट कुठे दिसायची नाही. पहिली तशी गाडी नुसतं तेलपाणी करायला आली होती. ह्यांनी सवयीनं टोपण फिरवलं तर फुस्स करून आवाज आला. ह्यांनी मागं येऊन टोपण माझ्या हातात दिलं.

"एवढी म्हाग गाडी आनि नाकच दिलं नाय. टोच."

प्लास्टिकला गिरमिट लोण्यासारखं गेलं. त्यानंतर तशा आणखी तीन टोपणांना मी भोकं पाडली. चारही गाड्या कॉलनीतल्या. चौथी गाडी एका साहेबांची होती, त्यांचीच गोष्ट मला लिहायची आहे.

हे साहेब देशावरचे. बोलायला मऊ, पण एकदा विचारलेलं पुन्हा विचारणारे. त्यांच्या बायकोला सातवा महिना लागला होता. आधीची दोन पोटातच गेली होती. हे मला सासूनं सांगितलं, सासूला कॉलनीत भांडी घासणाऱ्या बाईनं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की धक्के नकोत, आणि काही वाटलं तर लगेच निघा, वाट बघू नका. म्हणून साहेबांनी जीप सोडून ही गाडी घेतली. टाकी कायम पूर्ण भरलेली ठेवायचे. न जाणो केव्हा निघावं लागेल.

टोपणाचं नाक टोचून पंधरा दिवस झाले असतील. साहेब गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, गाडीत पेट्रोलचा वास येतो. बायको बसली की तिला उलटी होते. काल पालघरला निघालो आणि वाटेतून परत आलो."

हे बॉनेट उघडून पुढचे पाइप बघत बसले. क्लिपा आवळल्या. एक पाइप बदलला. गाडी चालू करून पुढं नाक लावून वास घेतला. काही नाही. साहेब गेले.

चार दिवसांनी पुन्हा आले. "वास आहेच."

ह्यांनी कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, पुन्हा बसवला. साहेब बाकावर बसून होते. मी चहा दाराशी ठेवला आणि तिथंच थांबले, कारण वारा गाडीकडून आमच्या दाराकडे येत होता आणि मला वास आला. पुढून नाही, मागून. ताजं पेट्रोल सांडल्यावर येतो तसा भपका नाही. गोडसर, डोक्यात चढणारा, येतो आणि जातो असा.

वासाचं मला लहानपणापासून कळतं. माहेरी वाळवणावरच्या मासळीतली कुठली टोपली आतून ओली राहिली आहे ते मी न उघडता सांगायची. पण इथं सांगणार कुणाला? गिऱ्हाईक समोर. मी आत गेले आणि भांडी घासायला बसले. दोनदा उठून दाराशी आले. दोन्ही वेळा ह्यांची पाठ दिसली, बॉनेटमध्ये वाकलेली. दोन्ही वेळा परत आत गेले. गाडी गेल्यावर सांगावं असं ठरवलं, तर गाडी गेल्यावर हे इतके चिडलेले होते की जेवताना बोललेही नाहीत.

सासू म्हणाली, "भरल्या बाईला कशाचा पन वास येतो. मला तुझ्या नवऱ्याच्या वेळी आंब्याचा मोहोर सोसवत नव्हता. गाडीला काय झालंय?"

"मी पन तेच म्हनतो," हे म्हणाले.

मला मात्र वास आला होता आणि मी भरलेली नव्हते. हे मी म्हणाले नाही.

ते चारपाच दिवस मला काही सुचेना. भात करपला. धुणं वाळत घालायला गेले आणि रिकामी बादली घेऊन उभीच राहिले. रस्त्यावरून पांढरी गाडी गेली की मी मान वर करायची. साहेबांची बायको मी एकदाच बघितली होती, गाडीत मागं बसलेली, पदर नाकाला लावून, दुसरा हात पोटावर. माझ्याकडे बघून उगाच हसली होती, त्रास होत असताना माणूस हसतं तसं.

रविवारी सकाळी साहेब तिसऱ्यांदा आले. ह्या वेळी हातात गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक होतं. आवाज मऊच, पण एकेक शब्द तोडून.

"मिस्त्री, गाडी दिवसभर ठेवा. संध्याकाळी मी हिला घेऊन चालत येतो. तिला वास आला नाही तर ठीक. आला तर उद्या गाडी मुंबईला नेतो. बुधवारी पालघरची तारीख आहे, ती मला चुकवायची नाही. आणि तसल्या वासात तिला बसवायचंही नाही. एक ठिणगी पडली तर काय होईल?"

"सायेब, मी आजच काढतो."

"हे बघा." साहेबांनी पुस्तक उघडून बॉनेटवर ठेवलं. "इथं हा काळा डबा आहे ना, ह्यात कोळसा असतो. उन्हात टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर जायची नाही, पाइपातून इथं येऊन कोळशात मुरायची. गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून घेतं. बाहेरची हवाही टाकीला ह्याच वाटेनं मिळते. कुठंतरी वाफ फुटते आहे. तुम्ही हा डबा आणि हे पाइप बघा."

हे हसले. "कोळसा? रेल्वे हाय काय सायेब ही?"

साहेब हसले नाहीत. पुस्तक तिथंच ठेवून गेले.

ह्यांनी काळा डबा बघितला, त्याचे पाइप बघितले. एक जरा कडक झाल्यासारखा वाटला, म्हणून तसला आणायला सायकल घेऊन बोईसरला गेले. सासू शेजारी गेली होती. गाडी उन्हात उभी, मी दाराशी, आणि ते पुस्तक बॉनेटवर वाऱ्यानं पानं उलटत.

पान उडू नये म्हणून मी गेले, असं मी मनाला सांगितलं. मी चौथी शिकलेली, इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही. पण चित्र होतं. टाकी, टाकीवर टोपण, टाकीपासून निघालेली रेघ डब्यापर्यंत, डब्यापासून इंजिनापर्यंत. डब्याखाली एक छोटा बाण आत येणारा. मी बोटानं ती रेघ धरून गेले आणि परत आले. टोपणापासून बाहेर जाणारी रेघ कुठेच नव्हती.

कोळशाचं मला नवल वाटलं नाही. आमच्या घरात एका कोपऱ्यात सुके बोंबील आणि दुसऱ्या कोपऱ्यात कपड्यांची ट्रंक. सासू फडक्यात कोळसे बांधून ट्रंकेत ठेवायची, म्हणून तर लग्नाला नेसायचं लुगडं मासळीचा वास मारत नव्हतं. कोळसा वास खातो. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी टाकीला नाक दिलंच होतं. टोपणात नव्हतं दिलं, पुढं दिलं होतं, कोळशातून. मग मी पाडलं ते काय होतं?

मी पुस्तक मिटलं आणि गाडीचं पुढचं दार उघडलं.

गाडीत पुढच्या सीटखाली एक दांडी असते, ती ओढली की मागचं, टोपणावरचं झाकण उघडतं. ह्यांना ती ओढताना मी बघितलं होतं. मी ओढली. मागं जाऊन बघितलं. टोपणाखाली पत्र्यावर एक पिवळट ओघळ वाळलेला होता. वास तोच, गोडसर.

तरी मला खात्री पाहिजे होती. आमच्याकडे गॅसची शेगडी आली तेव्हा सिलिंडर आणून देणाऱ्यानं नळीला साबणाचा फेस लावून दाखवला होता. फुगा आला तर गळतंय, नाही आला तर नाही. मी मोरीतून कपडे धुवायचा साबण आणला, वाटीत फेस केला आणि दोन बोटांनी टोपणावर सगळीकडे लावला. कडेनं लावला, मध्ये लावला. कडेचा फेस तसाच बसून राहिला. मधोमध एक फुगा आला. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग फुटला. लगेच दुसरा. उन्हात टाकी तापली होती आणि मी पाडलेल्या भोकातून एका लयीत श्वास टाकत होती. मी बघतच राहिले. किती फुगे आले कोण जाणे.

पहिला विचार आला तो असा की कुणाला कळायच्या आत हे टोपण बदलावं. बोईसरला नव्या गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. ह्यांना म्हणावं की टोपण ओट्यावरून पडून तडकलं, नवं आणा. वास जाईल, साहेबांची बायको बुधवारी पालघरला जाईल, ह्यांना वाटेल पाइपानं काम झालं. गिरमिट माझ्याकडेच राहील. विचार इतका सरळ होता की मला बरं वाटलं.

आणि लगेच बाकीची तीन टोपणं आठवली. ती तीन घरं टाकी पूर्ण भरत नसतील, थोडं थोडं पेट्रोल टाकत असतील, म्हणून वास आला नसेल. पण एखाद्या दिवशी भरतील. लांबच्या गावाला निघताना माणूस टाकी भरतोच. पोरं मागं बसतील.

मी वाटी हातात घेऊन तशीच उभी होते आणि समोरून हे आले. सायकल भिंतीला लावली, पाइप खांद्यावर, आणि खिशातून विडी काढून तोंडात धरली. काडी ओढायला हात वर गेला.

"विडी टाका!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. रस्त्यापलीकडची चहावाली वळून बघायला लागली. ह्यांच्या हातातून काडीपेटी पडली.

"काय झालं गो? वरडतेस काय?"

मी फेस लावला. फुगा आला. फुटला. दुसरा आला. हे वाकून बघत राहिले.

"साबन कुठं पन फुगतो," ते म्हणाले.

मी टोपणाच्या कडेला आणखी फेस लावला. तिथं फुगा नाही. मग भोकावर बोट दाबून धरलं. बोट काढलं तर आधीपेक्षा मोठा फुगा आला.

"हे तू पाडलेलं भोक," ते हळूच म्हणाले.

"व्हय."

"मी सांगितलेलं."

"व्हय."

मी चित्र दाखवलं. रेघ दाखवली, बाण दाखवला, कोळशाचं सांगितलं. एवढं एका दमात मी लग्नापासून त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं. मग पुस्तक मिटलं.

"समुद्रात अर्धा दिस मेलो असतो आमी. बिननाकाच्या टाकीनं. ते काय खोटं?"

"ते खोटं नाय. ही टाकी निराळी हाय."

ते बाकावर बसले. पडलेली काडीपेटी उचलून खिशात टाकली. मग म्हणाले, "मी नवीन टोपन घेऊन येतो. सायबाला सांगाचं नाय. पाइप बदलला म्हनून सांगू, बदलतो पन. खोटं नाय होनार."

"बाकीच्या तीन गाड्या?"

"त्यांना वास येतो काय? आला तर येतील."

"वास येन्याआधी काय झालं तर?"

"गप बस. कॉलनीत कळलं ना, मिस्त्री स्वताच भोकं पाडतो नि स्वताच शोधतो, तर कुत्रं फिरकनार नाय इकडं. लोक काय म्हनतील, ठाव हाय? एवढ्या वर्सांचं नाव हाय."

ते परत सायकल घेऊन गेले. मी टोपणावरचा फेस पुसला. घरात आले, बाहेर गेले, पुन्हा घरात आले. सासू परत आली आणि म्हणाली, "खुडूक कोंबडीसारखी काय करतेस?" मी तिला काही सांगितलं नाही. ह्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आमचं नाव खरोखर त्या भोकावर उभं होतं. मी आजवर ह्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते, आणि परक्या पुरुषाशी तर मी 'पाणी हवं का' एवढंही विचारलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर साहेब आणि त्यांची बायको आले. ती हळूहळू चालत होती. नवं टोपण लागलं होतं, पाइपही. ह्यांनी मागचं दार उघडून दिलं. ती लगेच बसली नाही. आधी डोकं आत घातलं, थांबली, मग बसली. साहेब काच वर करून दार लावून बाहेर उभे राहिले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मी दाराआडून.

तिनं काच खाली केली. "नाही हो. खरंच नाही येत." आणि ती रडायलाच लागली. साहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला.

"मिस्त्री, कसं सापडलं? काय होतं?"

"पाइप कडक झालेला सायेब. त्या डब्याचा. तुमी बोल्लात तेच."

"पुस्तकाचा उपयोग झाला म्हणायचा."

"झाला ना."

ती डोळे पुसत म्हणाली, "आता मी शेजारच्यांनाही सांगते. त्यांचीही अशीच गाडी आहे, पुढच्या महिन्यात पोरांना घेऊन गावी जायचंय त्यांना. तुमच्याकडेच पाठवते तपासायला."

शेजारचे म्हणजे कोण ते मला ठाऊक होतं. दुसरं टोपण त्यांचं.

मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझा पदर दाराच्या कडीत अडकला, तो सोडवायला मी थांबले नाही, तो फाटला. मी गाडीजवळ जाऊन उभी राहिले आणि जमिनीकडे बघून म्हणाले, "पाइप नव्हता. टोपनाला भोक होतं. मी पाडलेलं."

मी पुढं बोलत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "होडीच्या टाकीला पाडतात तसं. जुन्या गाड्यांना लागतं. ह्या गाड्यांना लागत नाय, ते आमाला ठाव नव्हतं. आनखी तीन गाड्यांना पाडलंय. तुमच्या शेजारी पन."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं तोंड काळवंडलं होतं. मला वाटलं आता हे म्हणतील, बाईमाणूस आहे, तिला काय कळतं. तसं म्हटलं असतं तर साहेबांनी ऐकलंही असतं.

ते म्हणाले, "भोक तिनं पाडलं, पन सांगनारा मी. आनि सापडवलं पन तिनंच. साबन लावून."

साहेब रागावले होते, ते दिसत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तीन आठवडे," ते म्हणाले. "तीन आठवडे मी हिला त्या वासात बसवत होतो." मग थोडं चालून गेले, परत आले. "साबण लावून कसं, दाखवा."

मी जुनं टोपण आणलं, पण ते टाकीवर नसल्यानं फुगा येईना. मग मीच त्याच्या आतल्या बाजूनं तोंड लावून फुंकले. फेसातून फुगा आला. गाडीतून बाई एकदम हसली, रडून झालेल्या आवाजात. "वहिनी, अहो, पेट्रोल जाईल पोटात!" माझ्या जिभेला खरोखर पेट्रोलची चव लागली होती. मी पदरानं तोंड पुसलं.

निघताना ती मला म्हणाली, "बुधवारी निघायच्या आधी इथं गाडी थांबवते. तुम्ही वास घ्या, मगच मी पुढं जाते."

आणि तशी ती थांबली. बुधवारी आणि त्यानंतर दोनदा. मी गाडीच्या मागं उभी राहून वास घ्यायची आणि मान हलवायची. मुलगी झाली तिला, पालघरलाच, दिवस भरून.

ह्यांनी मात्र त्या रविवारपासून चार दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. सासू मध्ये निरोप्या झाली. "तुझी बायको विचारते भाकरी वाढू काय." "वाढ म्हनावं." पाचव्या दिवशी ते बोईसरहून तीन टोपणं घेऊन आले, सायकलच्या पिशवीत, आणि मला म्हणाले, "चल. साबन घे."

कॉलनीत मी पहिल्यांदाच गेले. पहिल्या घरी, साहेबांच्या शेजाऱ्यांकडे, ह्यांनी दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तिथले गृहस्थ फार बोलले. दारातच, मोठ्यानं. ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि टोपण बदलून दिलं. पुन्हा ती गाडी आमच्याकडे आली नाही. दुसऱ्या घरी बाई एकटी होती, ती फक्त म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि पाणी दिलं.

तिसऱ्या घराला कुलूप होतं. समोरच्यांनी सांगितलं, ते तर महिन्यापूर्वीच बदली होऊन गेले, खाली दक्षिणेकडे कुठेतरी, गाडीनंच गेले सगळे. बायको, दोन पोरं, म्हातारी आई.

साहेबांनी म्हटलं, ऑफिसातून पत्ता काढतो, पत्र टाकतो. टाकलंही असेल. उत्तर आलं का ते मी विचारायला हवं होतं. त्यांची गाडी आमच्या दारावरून रोज जायची. तेलपाणी करायला थांबायचीही, साहेब बाकावर बसायचे, मी चहा दाराशी ठेवायची. दर वेळी ठरवायची की आज विचारेन. एकदा तर कप हातात देताना तोंड उघडलंही होतं. साहेबांनी वर बघितलं, आणि मी म्हणाले, "साखर?"

दोन वर्षांनी त्यांचीही बदली झाली.

हे म्हणतात, पोचलं असेल पत्र, नाहीतर कुठल्या तरी मिस्त्रीनं ओळखलं असेल, सोड आता. गिरमिट अजून आमच्याकडे आहे, जुन्या गाड्या येतात तेव्हा लागतं. पण टोपण हातात आलं की मी आधी विचारते, गाडी कुठली, आणि स्वतः पुढं जाऊन बघून येते. गिऱ्हाईक असलं तरी. तेवढं मला जमायला लागलं आहे.

तिसरं टोपण कुठं आहे मला माहीत नाही. गेल्या आठवड्यात बोईसरच्या पंपावर तशीच पांढरी गाडी रांगेत होती, पाटी परमुलखातली. मागं म्हातारी बसली होती. मी रस्ता ओलांडून गेले आणि पंपावरच्या माणसानं टोपण काढलं तेव्हा वाकून बघितलं. गाडीवाला म्हणाला, "क्या हुआ, माँजी?" टोपणाला भोक नव्हतं. मी मान हलवून परत फिरले, आणि रस्त्याच्या अलीकडे आल्यावर वाटलं, वरून दिसलं नाही, पण धुळीनं बुजलेलं असलं तर? मागं बघितलं तोवर गाडी निघून गेली होती.